बॅटरीचे बटण चालेनासे झाले तर : तपासणी आणि दुरुस्तीचा एक धडा

आमचा धंदा कापडाचा. मग व्यापाराच्या पानावर आम्ही बॅटरीच्या बटणाविषयी का लिहितो, असे कोणी विचारील. कारण साधे आहे. भायखळा, मदनपुरा, नागपाडा या भागात कापडाचे गोडाऊन म्हणजे बहुधा जुन्या इमारतीतला एखादा गाळा आणि त्यावर पोटमाळा. तिथे भर दुपारीही ताग्यावरची चिठ्ठी वाचायला उजेड लागतो. वीज गेली की माणूस आधी बॅटरी शोधतो, ती लागली नाही तर काडी ओढतो किंवा मेणबत्ती पेटवतो. सुती मालाच्या थप्पीजवळ उघडी ज्योत नेणे म्हणजे वर्षभराची कमाई डावावर लावणे होय. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास ग्रिडमध्ये बिघाड होऊन मुंबई आणि आसपासच्या मोठ्या भागाची वीज गेली होती. अशा वेळी गल्ल्याच्या खणात पडलेली बॅटरी चालू आहे की बंद, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

दुसरी गोष्ट अशी की, न लागणाऱ्या बॅटरीत पुष्कळदा फक्त बटणाचा दोष असतो. सेल चांगले, बल्ब चांगला आणि अडते ते नखाएवढ्या पितळी पत्तीपाशी. एवढ्यासाठी आपण ती भंगारात टाकतो आणि नवी आणतो. ज्याच्या हातात थोडा हुनर आहे त्याला ही मरम्मत अर्ध्या तासाची आहे. म्हणून आजचा धडा या बटणाचा.

(पुस्तकी मराठीत हिला विजेरी म्हणतात, दुकानात टॉर्च म्हणतात. आपल्याकडे घराघरात बॅटरी हाच शब्द आहे, तोच आम्ही वापरतो. आत घालायच्या कांड्यांना सेल म्हणू, म्हणजे घोटाळा होणार नाही.)

१) वीज फिरते कशी

दुरुस्तीआधी वाट समजली पाहिजे. दोन सेलच्या जुन्या पितळी बॅटरीत सेल एकामागे एक बसतात. पुढच्या सेलची टोपी, म्हणजे धन टोक, बल्बच्या बुडाच्या मधल्या टिकलीला टेकते. मागच्या सेलचे बूड, म्हणजे ऋण टोक, मागच्या झाकणातल्या स्प्रिंगवर बसते. स्प्रिंगमधून वीज झाकणात, झाकणाच्या आट्यांतून बॅटरीच्या धातूच्या अंगात, अंगातून बटणाच्या पत्तीत आणि पत्तीतून बल्बच्या कड्याला जाते. फेरा पूर्ण झाला की उजेड पडतो. बटण हा या वाटेवरचा दरवाजा. बॅटरीचे अंग प्लास्टिकचे असेल तर अंगाचे काम आतून गेलेली एक लांब पत्ती करते. बाकी हिशेब तोच.

आता यात सांधे किती झाले ते मोजा. टिकली आणि सेल, सेल आणि सेल, सेल आणि स्प्रिंग, झाकण आणि आटे, अंग आणि पत्ती, पत्ती आणि कडे. सहा जागा झाल्या. यातली एक जरी सैल किंवा मळकी असली तरी दोष बटणाचाच वाटतो, कारण आपला अंगठा बटणावर असतो. म्हणून तपासल्याशिवाय बटण उघडायचे नाही, हा पहिला नियम.

२) थोडा अडथळा, मोठे नुकसान

भिंतीवरचे बटण वर्षानुवर्षे चालते आणि बॅटरीचे लवकर कुरकुरते, असे का? भिंतीत २३० व्होल्ट असतात. धातूवर मळाचा पातळ पापुद्रा असला तरी एवढा दाब तो फोडून पुढे जातो. बॅटरीत दोन सेलचे मिळून जेमतेम ३ व्होल्ट. तेवढा दाब पापुद्र्यापाशी थांबतो.

एक हिशेब पाहा. अडीच व्होल्ट आणि ०.३ अँपिअरचा बल्ब पेटलेला असताना त्याचा अडथळा सुमारे ८ ओहम असतो. बटणात मळामुळे फक्त २ ओहम अडथळा आला, तर दहातला दोनाचा वाटा बटण खाते आणि बल्बला आठाचा मिळतो. म्हणजे दाब पाचव्या हिश्शाने घटला. पण तारेच्या बल्बचा उजेड दाबाच्या प्रमाणात घटत नाही, त्याहून फार जलद घटतो. पाचवा हिस्सा दाब गेला की उजेड निम्म्याहूनही कमी उरतो आणि तोही पिवळा. गिऱ्हाईक म्हणते, 'सेल उतरले.' तो नवे सेल घालतो, उजेड थोडा वाढतो आणि चार दिवसांत पुन्हा तेच रडगाणे. पैसे सेलवर जातात आणि दोष बटणात तसाच राहतो.

कापडवाल्या बंधूंनी इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. असल्या पिवळ्या उजेडात पांढरा ताग्याचा माल मोतिया दिसतो आणि निळ्याचा काळा होतो. बॅटरीच्या उजेडात रंग जुळवून माल कापू नये. बॅटरी नंबर वाचायला आणि वाट पाहायला आहे, शेड पाहायला दिवसाचा उजेडच खरा.

३) बटण बिघडते कशाने

पहिले कारण हवा. मुंबईची हवा दमट आणि खारी. जसे कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आंबट पदार्थ कळकतो, तसाच हिरवट कळंक दमट हवेने पत्तीवर चढतो. पावसाळ्याचे चार महिने न वापरता पडलेली बॅटरी सप्टेंबरात रुसते ती यामुळे.

दुसरे कारण धूळ. हे आपल्या वस्तीला विशेष लागू आहे. यंत्रमागाच्या खात्यात रुईचे तूस उडत असते, चामड्याच्या पिशव्यांच्या कारखान्यात चामड्याची भुकटी आणि सोल्युशनचा चिकटा. हे सगळे बटणाच्या फटीतून आत जाते आणि पत्तीखाली गादीसारखे बसते.

तिसरे कारण सेलचे पाझरणे. साध्या सेलची जस्ताची डबी हेच त्याचे ऋण टोक असते. सेल वापरला जातो तसे जस्त झिजते, शेवटी भोक पडते आणि आतला ओलावा बाहेर येतो. तो स्प्रिंग खातो, आटे खातो आणि पत्तीपर्यंत पोचतो.

चौथे कारण झीज. बटण हजारो वेळा पुढेमागे सरकते. पत्तीची उशी बसते, तिचा ताण जातो, घासून खोबण पडते. ज्या रिबिटवर पत्ती ठोकलेली असते ते ढिले होते.

४) लक्षणांवरून अंदाज

हकीम नाडी पाहतो तसे आधी लक्षण पाहावे.

बॅटरी तळहातावर आपटली की लागते : सांधा सैल आहे. मागचे झाकण, स्प्रिंग आणि बल्बचे कडे आधी पाहा.

बटण अंगठ्याने दाबून धरले तरच उजेड, सोडले की मंद : पत्तीचा ताण गेला आहे किंवा रिबिट ढिले आहे.

बटण सरकवताना उजेड फडफडतो, मग स्थिर होतो : पत्तीवर मळ किंवा कळंक.

नवे सेल घालूनही उजेड पिवळा : वाटेत कुठेतरी अडथळा, बहुधा बटणात किंवा आट्यांत.

बटण बंद केले तरी बॅटरी विझत नाही : पत्ती वाकून अंगाला टेकली आहे किंवा मधला फायबरचा तुकडा झिजला आहे. ही बॅटरी तशीच खणात ठेवली तर सकाळपर्यंत सेल रिकामे.

काहीच होत नाही : अंदाज करू नका, पुढच्या क्रमाने तपासा.

५) तपासणीचा क्रम

पहिली पायरी, सेल. सेल बाहेर काढा. पाझरलेला, फुगलेला सेल बाजूला करा. मल्टीमीटर असेल तर नवा सेल दीड व्होल्ट किंवा किंचित जास्त दाखवतो. मात्र रिकामा सेलही नुसत्या मीटरवर बरा आकडा दाखवून फसवतो, म्हणून बल्ब पेटलेला असताना मोजावे. तेव्हा एका सेलचा आकडा ०.९ व्होल्टच्या आसपास आला तर तो गेला समजा. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका. जुना नव्याला ओढतो आणि आधी पाझरतो.

दुसरी पायरी, बल्ब. दोन सेल टेबलावर एकावर एक उभे करा. बल्बचे बूड वरच्या टोपीवर टेकवा. तारेचा एक तुकडा खालच्या सेलच्या बुडाला आणि दुसरे टोक बल्बच्या बाजूच्या धातूला लावा. पेटला तर सेल आणि बल्ब दोन्ही निर्दोष. आता दोष बॅटरीच्या अंगात आहे हे पक्के झाले.

तिसरी पायरी, मागचे झाकण. सेल आत घाला, झाकण लावू नका, बटण चालू ठेवा. तारेचे एक टोक मागच्या सेलच्या बुडाला आणि दुसरे बॅटरीच्या अंगाच्या उघड्या धातूच्या कडेला लावा. रंगावर किंवा वॉर्निशवर लावून उपयोग नाही. उजेड पडला तर दोष झाकणात, स्प्रिंगमध्ये किंवा आट्यांत आहे आणि बटण बिचारे निर्दोष आहे.

चौथी पायरी, बटण. झाकण लावा. पुढचे काचेचे डोके काढा, पण बल्ब आपल्या जागी सेलला टेकलेला ठेवा. तारेने अंगाचा धातू आणि बल्बचे कडे थेट जोडा. म्हणजे बटणाला वळसा घालून वीज नेली. आता पेटला आणि बटणाने पेटत नव्हता, तर गुन्हेगार सापडला. प्लास्टिकच्या बॅटरीत हीच तार मागच्या पत्तीपासून बल्बच्या कड्यापर्यंत न्यावी.

मीटर वापरणाऱ्यांनी आणखी एक कसोटी लावावी. बॅटरी चालू ठेवून मीटरची दोन टोके बटणाच्या दोन बाजूंना लावा आणि व्होल्ट पाहा. चांगल्या बटणावर आकडा शून्याच्या जवळ असतो. ०.१ व्होल्टच्या वर गेला तर बटण आपल्या वाट्यापेक्षा जास्त खात आहे. मंद उजेडाचा दोष या कसोटीने हमखास पकडता येतो.

एक खबरदारी. तारेची दोन्ही टोके एकाच सेलच्या टोपीला आणि बुडाला कधीही लावू नका. तार तापते, सेल मरतो. लिथियमच्या सेलला असे केले तर आग लागू शकते.

६) साफसफाई आणि दुरुस्ती

निम्मी बटणे नुसत्या साफसफाईने चालू होतात. तेव्हा हत्यार उचलण्याआधी फडके उचला.

तूस आणि भुकटी मऊ ब्रशने झाडून काढा. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पत्ती पुसा. कळंक असेल तर शाळेतला खोडरबर घासा. तेवढ्याने गेला नाही तरच झिरो नंबरचा पॉलिश पेपर, तोही हलक्या हाताने. पत्तीवर निकेलचा मुलामा असतो, तो उडाला की पुढच्या पावसाळ्यात दुप्पट कळंक येईल.

सेल पाझरून पांढरी बुरशी धरली असेल तर आधी सेल कोणता ते पाहा. साध्या जस्त-कार्बन सेलचा पाझर आंबट असतो, त्याला खाण्याच्या सोड्याचे पाणी लावा. अल्कलाइन सेलचा पाझर खारा असतो, त्याला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावा. नंतर स्वच्छ पाण्याच्या बोळ्याने पुसा, मग स्पिरिटने, आणि पूर्ण सुकू द्या. पाझर हाताला किंवा डोळ्याला लागू देऊ नका.

ताण गेलेली पत्ती चिमट्याने हळूच वर उचला. एकदम मोठा बाक देऊ नका, ती मोडते. केसाएवढे उचला, लावून पाहा, पुन्हा उचला.

रिबिट ढिले असेल तर खाली लोखंडाचा ठोकळा धरून वरून हलका ठोका द्या. प्लास्टिकच्या अंगावर ठोकू नका, भेग पडेल. तिथे रिबिटपासून पत्तीपर्यंत बारीक तारेचा तुकडा डाग देऊन जोडावा. डाग देताना राळेचा फ्लक्स वापरा, नळकामाचे ॲसिड वापरू नका, ते मागे राहून पितळ खात राहते. २५ वॉटचे सोल्डरगन पुरे आहे. पितळ आधी घासून घ्या, टोक पटकन लावा आणि पटकन उचला. पत्तीच्या ज्या भागाला लवचीकपणा हवा तिथे डाग देऊ नका, उष्णतेने ताण जातो. स्प्रिंगलाही हाच नियम.

पत्ती मोडलीच असेल तर नवी कापावी. जुन्या बिघडलेल्या प्लग-सॉकेटमधली पितळी पत्ती यासाठी उत्तम. डब्याचा पत्रा वापरू नका, तो गंजतो. नुसते तांबे मऊ असते, महिन्याभरात बसते.

शेवटी पत्तीवर व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा, बोटाला जाणवेल न जाणवेल इतका. ओलावा थांबतो आणि घासणे कमी होते. खोबरेल तेल किंवा मशीनचे तेल सोडू नका. त्यावर तूस आणखी बसते.

७) एलईडी आणि चार्जिंगच्या बॅटऱ्या

बल्बची जागा आता एलईडीने घेतली आहे. ज्या निळ्या एलईडीमुळे पांढरा उजेड शक्य झाला, तिच्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल मिळाले. कारागिराने इथे दोन फरक जाणावेत. बल्बला सेल उलट घातले तरी तो पेटू शकतो, एलईडी पेटत नाही. म्हणून बटण उघडण्याआधी सेलची दिशा पाहा. आणि पुष्कळ एलईडी बॅटऱ्यांत बटण शेपटाला, म्हणजे मागच्या झाकणात असते. तिथे झाकण काढून सेलचे बूड आणि अंगाची कड चिमट्याने जोडली आणि उजेड पडला, की झाकणातले बटण गेले हे नक्की. पुष्कळदा मात्र त्यातले आट्यांचे कडेच ढिले झालेले असते. ते घट्ट फिरवले की काम होते.

भिंतीला लावून चार्ज करायच्या बॅटऱ्यांत सरकते बटण सर्किटच्या पाटीवर डागलेले असते. ते बदलायचे तर आधी पायांची संख्या आणि त्यांतले अंतर मोजा, तारांचा नकाशा कागदावर काढा, मग जुने उतरवा. असले सुटे भाग लॅमिंग्टन रोडला मिळतात. नमुना खिशात घालून जावे, तोंडी वर्णनावर भरवसा ठेवू नये.

इथे एक ताकीद आम्ही मुद्दाम देतो. स्वस्त चार्जिंग बॅटऱ्यांत बहुधा ट्रान्सफॉर्मर नसतो. २३० व्होल्टची वीज एका कपॅसिटरमधून सरळ पाटीवर येते. प्लग लावलेला असताना आत हात घातला तर तो हात सेलच्या चार व्होल्टला नाही, घरच्या पूर्ण विजेला लागतो. म्हणून उघडण्याआधी प्लग काढा, थोडा वेळ थांबा, पिनांना बोट लावू नका. लिथियमचा सेल फुगलेला दिसला तर ती बॅटरी दुरुस्तीला घेऊच नका.

८) मजुरीचा आणि सचोटीचा हिशेब

हा हुनर शिकणाऱ्या तरुणाला आम्ही तीन गोष्टी सांगू.

एक, तपासणीची मजुरी आधी सांगा. दोष सेलचा निघाला आणि बटणाचे पैसे घेतले, तर तो पैसा हलाल नाही, आणि गिऱ्हाईकही परत येत नाही. फक्त खोडरबराने काम झाले असेल तर तसेच सांगा आणि तेवढीच मजुरी घ्या. कापडाच्या धंद्यात मापात एक बोट जास्त सोडणाऱ्याचे दुकान चालते, हे आम्ही पाहत आलो आहोत. दुरुस्तीतही तेच आहे.

दोन, बदललेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्या. दाखवलेली मोडकी पत्ती शंभर शब्दांचे काम करते.

तीन, कुठे थांबायचे ते ओळखा. चिकटवून बंद केलेली, न उघडणारी प्लास्टिकची बॅटरी फोडून जोडण्यात कारागिराची वेळ जाते आणि गिऱ्हाइकाचे नव्या बॅटरीएवढे पैसे जातात. तिथे सरळ नाही म्हणावे. पितळी अंगाची, आट्यांची बॅटरी मात्र पुन्हा पुन्हा दुरुस्त होते. विकत घेतानाच उघडणारी बॅटरी घ्यावी, ती किंमत वसूल करते.

ध्यानात ठेवावे

महिन्यातून एकदा बॅटरी लावून पाहा आणि बटण दहा वेळा पुढेमागे करा, पापुद्रा आपोआप घासला जातो. पावसाळ्यात न वापरायची असेल तर सेल काढून ठेवा. गोडाऊनची बॅटरी दाराजवळ ठरलेल्या खिळ्याला टांगा आणि ती कुठे आहे हे दुकानातल्या पोऱ्यापासून शेठपर्यंत सगळ्यांना माहीत असू द्या. आणि सेल, बल्ब, झाकण, बटण हा क्रम पाठ करा. जो या क्रमाने तपासतो त्याला दोष सापडतो, जो आधी बटणच उचकटतो तो चांगले बटणही बिघडवतो.